काळ्या बर्फावरील मुजऱ्याची हकीकत

पन्हळीच्या टोकाशी लोंबणारा थेंब सुटला, पायरीच्या लाकडावर पडला आणि उडाला नाही. उडावे हा थेंबाचा धर्म. तो सोडून हा जागीच बसला आणि पाहता पाहता काच जाहला. त्यावर दुसरा पडला, तोही काच. ऐसा प्रकार माँटाना मुलखी, टॅमरॅक फोर्क परगणियात, ऐन जानेवारीत, सूर्योदयाचे आधी जाहला. तो डोळ्यांदेखत होऊनही ज्यांचे ध्यानी आला नाही, त्या शाळांचे सुभेदार, सुपरिंटेंडेंट लिंडन स्कार यांचे मोहिमेची ही हकीकत. घडले तैसे लिहिले. पदरचे मीठ घातले नाही, कारण त्या दिवशी बर्फ वितळविण्यास रस्त्यावर टाकावयाचे मीठही पुरले नाही.

आठवडाभर कडाका पडोन जमीन हातभर खोल गोठली होती. मग पश्चिमेचा उष्ण वारा, ज्यास तेथील रयत चिनूक म्हणते, तो डोंगर ओलांडोन आला आणि संगे पाऊस घेऊन आला. वर उबारा, तळी गारठा. पाणी रस्त्यास शिवताच गोठे. त्या बर्फास रंग नाही, खालचे डांबर आरपार दिसते, म्हणोन त्यास काळा बर्फ म्हणतात. गनीम दिसतो तोवर बरा.

आकाशीच्या हेरांनी, म्हणजे हवामानखात्याने, पहाटेच अखबार धाडिला, की हिमवृष्टी किरकोळ. परंतु रस्ते घातकी, घाटउतारी जपोन असावे. सुभेदारांनी पहिले कलम वाचिले, खिडकीबाहेरचा तापमापक पाहिला, पारा गोठणबिंदूचे वर दिसला आणि उरलेली कलमे कॉफीबरोबर गिळिली.

यास सबब होती. गतवर्षी ऐसाच अखबार येता सुभेदारांनी घाईने शाळा बंद केल्या, आणि त्या दिवशी लख्ख ऊन पडोन लोक सदरा काढोन गोल्फ खेळले. मग परगणियाचे खाणावळीत एक नवा पदार्थ निघाला, पॅनकेकवर चिमूटभर पिठीसाखर, आणि त्यास ‘लिंडनचे वादळ’ ऐसे नाव पडले. सुभेदारांपूर्वी ती गादी श्रीमती आर्डिथ कोल्स्टाड यांजकडे होती. त्यांचे कारकिर्दीत शाळा कधीच बंद पडली नाही. त्या रोज तोच पदार्थ मागवीत, आणि तोही मोठ्याने. सबब सुभेदारांनी भर खाणावळीत शपथ घेतली, की बर्फ साचोन उभ्या गाईचे पोटास लागल्याखेरीज शाळा बंद करणे नाही.

इकडे शपथ, तिकडे मुले. मुलांनी रात्री पायजमे उलटे घालोन आणि उशीखाली चमचे ठेवोन सुटीचे अनुष्ठान मांडिले होते. परंतु सकाळी कौल न आल्याने गूजनेक नामे वाकड्या उताराचे माथ्यावरील मुले दप्तरे घेऊन पिवळ्या बसमध्ये चढली. बस माथ्यावरच, चालक ड्वेन याचे गोठ्याशेजारी राहते. तिने उतरावे की न उतरावे, हे एका सुभेदारांचे शब्दावर होते.

तेथील रिवाज ऐसा, की संशय असता सुभेदारांनी खासा स्वारी करोन रस्ता पारखावा. मग सुभेदार आपले पिकअपमध्ये आरूढ जाहले, शेजारी बसखात्याच्या मुख्य मार्लिस ट्वाइट रेडिओ घेऊन बसल्या आणि स्वारी पायथ्याकडोन उतार चढू लागली.

“लिंडन, चाकं फिरतायत, गाडी नाही,” मार्लिस म्हणाल्या.

“चारी चाकांना जोर आहे, मार्लिस.”

“जोर चढायला लागतो. थांबायला काय लावणार? शपथ?”

इतक्यात रेडिओ खरखरला. “ड्वेन बोलतोय. पोरं बसलीत. उतरू का?”

“थांब, साहेब विचार करतायत,” मार्लिस म्हणाल्या आणि सुभेदारांकडे पाहिले. सुभेदार पावसाकडे पाहत राहिले.

तो समोरून, वळणावरोन, एक जुनी हिरवी पिकअप उतरताना दिसली. आत खुद्द आर्डिथबाई. आता त्या मुलखाचा दुसरा रिवाज सांगणे आले, की समोरून गाडी आली असता सुकाणूवरील हाताची तर्जनी उचलोन मुजरा करावा. न केल्यास ती गोष्ट नातवंडांपर्यंत चालते. बाईंनी तर्जनी उचलिली. सुभेदारांस पेच पडला, कारण बाई त्यांचे शाळेतील शिक्षिकाही होत्या, आणि शिक्षिकेस एका बोटाने मुजरा करणे म्हणजे उद्धटपणा. सबब त्यांनी अख्खा हात उचलिला आणि मानही लवविली.

काळा गनीम याच घडीची वाट पाहत होता. गाडीने सुभेदारांचा हुकूम सोडिला, आवाज न करिता आडवी जाहली आणि फुगडी घालावी तैसी फिरू लागली. फिरता फिरता बाईंचा चेहरा दिसे, मग देवदार, मग पुन्हा बाईंचा चेहरा, तर्जनी अद्याप वर. अखेर गाडी कडेच्या चरात मऊ बर्फात रुतली. बाईही घसरत घसरत आल्या आणि त्याच चरात, काचेस काच लावोन स्थिर जाहल्या.

बाईंनी काच खाली केली.

“गुड मॉर्निंग, लिंडन.”

“गुड मॉर्निंग, मिसेस कोल्स्टाड. लागलं नाही ना कुठे?”

“मला काय धाड भरलीय! गाय शोधतोयस का? माझ्या गोठ्यात आहे एक, बुटकी. तिच्या पोटाला लवकर लागेल.”

मार्लिस तोंड फिरवोन हसल्या. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी वर पाहिले. माथ्यावर पिवळ्या बसचे दिवे लागलेले, काचांना आतून मुलांनी बोटांनी चित्रे काढलेली, आणि बस व हा चर यांजमध्ये तीन वळणे होती, ज्यांचे तळाशीच आता दोन अनुभवी सुभेदार एकामागोमाग हरले होते.

“ड्वेन बोलतोय. उशीर होतोय. येऊ ना खाली?”

“तुम्ही असता तर काय केलं असतंत?” सुभेदारांनी विचारिले.

“मी? मी शाळा चालू ठेवली असती,” बाई म्हणाल्या. मग आपले गाडीचे नाक चरात कैसे गेले आहे ते त्यांनी पाहिले. “आणि माझं नशीब आजवर फार चांगलं होतं, लिंडन.”

तेव्हा सुभेदारांनी रेडिओ हाती घेतला, पाठ ताठ केली, कंठ साफ केला आणि हुकूम बोलिले. पलीकडोन उत्तर नाही. पुन्हा बोलिले. उत्तर नाही.

“बटण, लिंडन,” मार्लिस म्हणाल्या. “बटण दाबून बोल.”

येणेप्रमाणे गूजनेकचे उतारी मोठा रणसंग्राम होऊन दोन गाड्या, एक शपथ आणि एक इभ्रत कामास आली. मुले सारी सलामत, बस जागीच. काळा गनीम शिकस्त पावला, फत्ते जाहली. सुभेदारांनी अंगठ्याने बटण दाबिले आणि परगणियाचे एकूण एक बसमध्ये, स्वयंपाकघरात आणि उलट्या पायजम्यात ऐकू जाईल ऐसे बोलिले:

“शाळा बंद.”