शंखाचं तिकीट

किशनमामा आले की कंधारच्या बायका तांब्यात घोटभरच पाणी घालायच्या. कारण मामा ते पीत नसत. भांडी घासायच्या दगडावर, उंबऱ्यावर, एकदा तर आमच्या नुकत्याच पुसलेल्या पायरीवर त्यांनी ते ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. माझी बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"भिजल्याबिगर दगुड तोंड उघडत न्हाई, सूनबाई," मामा म्हणाले. पायरीने तोंड उघडलं नाही. मामांनी आणखी एक तांब्या मागितला.

त्यांना हवा असायचा दगडातला शंख. फार फार वर्षांपूर्वी चिखलात रुतून स्वतःच दगड झालेला. असा एक त्यांच्या देवघरात होता. मामींना तो लहानपणी माहेरी, शिरूर अनंतपाळकडे, नदीच्या वाळूत सापडला होता आणि लग्नात पदराला बांधून त्यांनी तो सासरी आणला होता. रोज सकाळी त्याला आंघोळ घालायच्या. कोरडा असताना नुसता धोंडा, पण पाणी पडलं की शंखाचे वेढे उमटायचे. मग मामी म्हणायच्या, "उठले बगा देव!" आणि तोवर मामांना चहा मिळत नसे.

पुढे मामींना विसर पडू लागला. त्या भरात तो दगड त्यांनी कुठे नेऊन ठेवला, देव जाणे. मामा गावभर पाणी ओतत फिरायला लागले ते तेव्हापासून. "त्यो न्हाई तर त्याचा भाऊ तरी घावंल," म्हणायचे. लोक हसायचे, मीही हसायचो. मग मामी मामांनाही विसरल्या. 'ह्यो कोन गडी घरात शिरला?' म्हणून ओरडायच्या. शेवटी लेक त्यांना लातूरला घेऊन गेली आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुमी सध्या येऊ नका. तुमाला बघून लई भेतीया."

मी इथल्या पोस्टात खिडकीवर बसतो. एके दिवशी नवी तिकिटं आली. कुठल्याशा लांबच्या राज्यात दगड झालेल्या शंखांनी भरलेली जागा आहे, निसर्गाचा ठेवा म्हणून जपलेली, तिचं चित्र त्यावर होतं. मी मामांना निरोप धाडला. मामांनी येऊन तिकीट डोळ्यांजवळ धरलं.

"ह्योच की," म्हणाले. "पाटवून दे तिला."

लिफाफ्यावर लेकीचा पत्ता मी लिहिला. आत काय घालू म्हणून विचारलं.

"आत कायला? तिला वाचता कुटं येतंय? आन् ठप्पा कडंला मार. देवाच्या तोंडावर मारशील तर बग."

पोस्टात रिकामा लिफाफा घेणारा मी पहिलाच असेन. शिक्का जपून कोपऱ्यावर टेकवला.

त्यानंतर मामा रोज येऊन माझ्या खिडकीपाशी बसत. कुणाच्या दारात पाणी ओतणं बंद झालं, तशा बायकाच विचारू लागल्या, मामा बरे आहेत ना? एका दुपारी त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते फोन स्पीकरवरच ठेवतात. लेक होती.

"बाबा, लिफाफा आला. पर आईनं त्याचा पार लगदा केला. तांब्याभर पानी वतलं त्याच्यावर. तिकीट निगून आलं."

मामा ताडकन उठले. "वतलं? काय म्हनली का?"

"म्हनली की. 'उठले बगा देव.' किती दिसांनी बोलली, बाबा."

"आन् माजं काय? माजं नाव काडलं?"

ती म्हणाली, "न्हाई, बाबा."

मामांनी फोन खिशात ठेवला. मी उगाच शिक्क्याची शाई बघत बसलो.

"तिला दगुड आठवला," मामा म्हणाले, "मी न्हाई." धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले आणि खिडकीतून हात आत घातला.

"आनिक एक तिकीट दे. भिजून गेलं आसंल तिचं. उद्या सकाळी आंगुळ कुनाला घालंल ती?"