बिनकामाचं चालणं

रोज सकाळी अर्धा तास चाला, माणूस शंभर वर्षं जगतो! हे मी साऱ्या हडको कॉलनीला सांगत सुटलो होतो, आन् ते बी स्वतः चालायला लागून चारच दिवस झालेले असताना. डॉक्टरनं साखर वाढल्याचा कागद हातात ठेवला, आन् मी, अजिनाथ, सव्वीस वर्षं खुर्ची झिजवलेला कारकून, दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट घालून गल्लीत उतरलो. आमचा आजा मेंढरांमागं पार कोकणाच्या तोंडापर्यंत पायी जायचा. चालणं आपल्या रक्तातच हाय, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. सत्यशीला म्हणाली, रक्तात सध्या साखर हाय.

गुडघ्यात तर काहीच नव्हतं. पलीकडच्या गल्लीत पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता व्हायचा. तिथं एका घराबाहेर गार फरशीचा ओटा होता. मी बसायचो, त्या घराकडं बघत घाम पुसायचो आन् तसाच माघारी यायचो.

आता चालण्याचे फायदे ऐका. तिसऱ्या दिवशी त्या घराचे मालक रामकिसन यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. पाचव्या दिवशी चहा. सातव्या दिवशी त्यांचा पोरगा कृष्णा सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या पाया पडला! नोकरी कुठं, पगार किती, सारं न विचारता सांगून गेला. रामकिसननी माझं आडनाव, गाव, घरात कोण कोण, ते विचारलं. मी बी मोकळ्या मनानं सांगितलं की एकच पोरगी हाय, प्रांजली, बीएस्सी झालीय. चालणाऱ्या माणसाला लोक लई मान देतात, असं मला वाटलं.

दहाव्या दिवशी काकासाहेबांचा फोन आला. हे प्रांजलीची सोयरीक जमवणारे मध्यस्थ. स्थळ वैजापूरचं, मुलगा पोरीच्या मनात भरलेला, सुपारी पंधरा दिवसांवर.

"अजिनाथराव, सुपारीच्या तोंडावर दुसरं घर बघताय व्हय?"

आमच्यात रीत अशी की सोयरिकीआधी पोरीचा बाप मुलाच्या दारावरनं गुपचूप चार चकरा मारतो. घर कसं, माणसं कशी, ते बघून घेतो. रामकिसन आमच्याच समाजाचे. त्यांनी माझ्या चकरा तशा धरल्या आन् आनंदानं चार पाव्हण्यांना कळवलं. चार पाव्हण्यांतला एक वैजापूरचा निघाला.

 मी सांगितलं, अहो मी चालत होतो. त्यांनी विचारलं, कुठं? म्हणलं, कुठंच नाय, नुसतंच. 

"आपल्यात बिनकामाचं कोन चालतं?" काकासाहेब म्हणाले.

त्यांचं बी खरंच. आजा मेंढरांमागं चालला, बाप बाजाराला चालला. कुठंच न जाता घरी परत येणारा सात पिढ्यांत मीच पहिला. प्रांजली मला एक शब्द बोलली नाय. मोबाइल पालथा ठेवून आत गेली.  पोरीचं जमलेलं लगीन मी पायानं मोडत होतो, खरंच पायानं.

दोन दिवसांनी सकाळीच दारात वैजापूरचे बिभीषणराव, मुलाचे वडील. अजून मेंढरं राखतात. चहाला बी बसले नाहीत.

"रोज जाता तसं चला. मी मागनं येतो."

निघालो. ठरवलं, आज त्या ओट्याकडं बघायचं सुद्धा नाय, सरळ पुढं निघून जायचं. म्हणून दुप्पट वेगानं चाललो. गल्ली वळेपर्यंत डोळ्यांपुढं काजवे! मागं बिभीषणरावांच्या वहाणा निवांत वाजत होत्या. समोर ओट्यावर रामकिसन चहाचा ट्रे घेऊन उभे, शेजारी त्यांची मंडळी नव्या लुगड्यात, मागं कृष्णा इस्त्रीच्या शर्टात.

"या, व्याही," रामकिसन म्हणाले.

अहो मी तुमचा व्याही नाय, हे मागनं आलेत तेच आमचे व्याही, असं मला सांगायचं होतं. तोंडातनं नुसती हवा आली. गुडघे आपोआप वाकले आन् मी ओट्यावर आडवा झालो.

बिभीषणरावांनी मागं वळून बघितलं. आमच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी तिथनं स्वच्छ दिसत होती.

"रोज हितवरच येता?"

मी मान हलवली.

"आन् मग बसता?"

परत मान हलवली. मग त्यांनी रामकिसनना हात जोडले. "पाव्हणं, हे तुमचं घर बघाया येत नव्हते. ह्यांना म्होरं जाताच येत नाय. तोंड खोटं बोलंल, दम खोटा लागत नाय."

रामकिसननी ट्रेकडं बघितलं, कृष्णाच्या इस्त्रीकडं बघितलं, आन् चहा फक्त बिभीषणरावांना दिला.

सोयरीक वाचली. सुपारी फुटली, प्रांजली माझ्याशी बोलायला लागली. काल काकासाहेब लग्नाची बोलणी घेऊन आले. वैजापूरकरांना मानपान नको, भांडी नकोत, काही नको. अट एकच. नवरदेवाला मारुतीच्या देवळातनं मांडवात आणायला पोरीच्या बापानं पायी येऊ नये, जीप ते पाठवतील, कारण त्यांना मुहूर्त टळू द्यायचा नाय. देऊळ मांडवापासून किती लांब, ते मी विचारलं. काकासाहेब म्हणाले, समोरच हाय.

मी अट मान्य करून टाकली.