टोचूचा लंगोट आणि वनराजाची मांडी

मुलांनो, मांडी घालून बसा आणि नाकातलं बोट काढा. एका जंगलात फार पूर्वी कुणाच्याच पिल्लाच्या बुडावर काही नसायचं. पिल्लं हवं तिथे बसायची, हवं ते करायची आणि माती ते मुकाट्याने जिरवून घ्यायची. याला मागासलेपणा म्हणतात.

मग जंगल सुधारलं. गुहांमध्ये फरशी आली. फरशीमागोमाग बाजारातले डायपर आले. थोड्याच दिवसांत पाणवठ्याच्या कडेला वापरलेल्या डायपरांची टेकडी उभी राहिली. एक मोर तिच्यावर पिसारा फुलवायला चढला आणि लगेच उतरला. तेव्हा कुठे जंगलाला पर्यावरणाची आठवण झाली.

सभा भरली. हरिताबाई चितळीण वनमाता मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांची स्वतःची पिल्लं केव्हाच मोठी झाली होती, त्यामुळे इतरांच्या पिल्लांकडे लक्ष द्यायला त्यांना भरपूर वेळ होता.

"आपल्या आज्या काय वापरायच्या?" त्यांनी विचारलं. "कापडी लंगोट."

आज्या काहीच वापरत नव्हत्या, हे एका म्हाताऱ्या कासवाला आठवत होतं. पण त्याने तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजून संपल्याही होत्या.

सभेत काटेराव साळिंदर बसले होते. त्यांच्या घरी नुकतंच पिल्लू झालं होतं. त्याचं नाव टोचू. काटेराव भारावून उठले आणि म्हणाले, "आजपासून आम्ही कापडीच वापरणार."

आम्ही म्हणजे त्यांची बायको, साळूबाई. त्या तेव्हा घरी टोचूला पाजत होत्या.

साळूबाईंची काही हरकत नव्हती. ती टेकडी त्यांनीही पाहिली होती. त्यांनी आईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडलं आणि त्रिकोणी लंगोट शिवले. काटेरी अंगावर नाडी टिकत नाही, म्हणून स्वतःचा गळलेला काटा टाचणीसारखा लावला, टोक घडीत नीट लपवून. टोचू खूश झाला. टोचू खूश झाला की लंगोट ओला करायचा. रडवेला झाला तरी करायचा.

मग ओढ्यावर जा, घासा, पिळा, वाळत घाला. तेवढ्यात पावसाळा लागला आणि लंगोट वाळेनासे झाले. खरं तर ते वाळत घालायला घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे काटेरावांची पाठ, पण ती पाठ घरी नसायची. साळूबाईंचे पंजे सोलवटून निघाले. बसल्या जागी डुलक्या येऊ लागल्या. त्यांना आता जंगल नको होतं, पर्यावरण नको होतं. एक अख्खी दुपार झोप हवी होती.

"अहो, आजचे तेवढे धुता का? डोळे मिटताहेत माझे."

"धुतले असते गं," काटेराव कळवळून म्हणाले. "पण लंगोट धुण्याच्या महत्त्वावर भाषण आहे ना माझं."

अशी बरीच भाषणं झाल्यावर जंगलाने काटेरावांना 'आदर्श पिता' हा पुरस्कार जाहीर केला. समारंभाच्या दिवशी साळूबाई ओढ्यावरून आल्या नव्हत्या, म्हणून काटेरावांनी टोचूला स्वतःच तयार केलं. लंगोट कसा बांधतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सत्कारात फेटा कसा बांधतात ते मात्र पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी तसाच बांधला. दिसायला रुबाबदार दिसत होता.

वनराजाने फोटोसाठी टोचूला मांडीवर घेतलं. फेटा सुटला. आणि टोचू खूश झाला.

वनराजाने काटेरावांकडे पाहिलं. काटेरावांनी साळूबाईंकडे पाहिलं. त्या नुकत्याच येऊन ओल्या हातांनी मागच्या रांगेत टेकल्या होत्या. मग सगळ्या सभेनेच त्यांच्याकडे पाहिलं.

"काय हो बाई," हरिताबाई म्हणाल्या, "साधा लंगोट बांधता येत नाही तुम्हाला?"

"असू दे, असू दे," वनराजा अंगावरची भिजलेली शाल उतरवत म्हणाला. "धुताच आहात, तर हीही टाका त्यात."

अशा रीतीने काटेरावांना पुरस्कार मिळाला आणि साळूबाईंना शाल.

साळूबाईंना संताप आला. इतका की काटे उभे करायचंही त्या विसरल्या. घरी आल्यावर त्यांनी टोचूला काटेरावांच्या मांडीवर ठेवलं, शेजारी बादली ठेवली आणि तिच्यावर शाल टाकली.

"आम्ही कापडी वापरतो ना? मग आज 'आम्ही' म्हणजे तुम्ही. धुवा," त्या म्हणाल्या आणि बिळात जाऊन झोपल्या.

काटेरावांनी पहिला लंगोट धुतला. दुसऱ्याचा वास घेतला. तिसरा नुसता पाहिला आणि ते गहन चिंतनात बुडाले. चिंतन संपलं तेव्हा टोचू बाहेर मातीत उघड्या बुडाने लोळत होता. त्याला जे करायचं ते त्याने केलं आणि मातीने ते मुकाट्याने जिरवलं.

साळूबाई उठल्या तेव्हा उन्हं उतरली होती. दोरी रिकामी होती. टोचूचं बूड कोरडं होतं. त्या पुष्कळ दिवसांनी हसल्या आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या.

काटेरावांचं पुढचं भाषण फार गाजलं. विषय होता, 'लंगोटमुक्त बालपण : माझा शोध'. हरिताबाईंचे डोळे पाणावले. म्हाताऱ्या कासवाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण टाळ्या संपल्या होत्या. काटेरावांना आणखी एक पुरस्कार मिळाला. वनराजाने तो लांबूनच दिला, उभ्या उभ्या.

तात्पर्य : लंगोट कापडी असावा की विकतचा, हा पर्यावरणाचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर सभा भरते. तो धुणार कोण, हा घरगुती प्रश्न आहे, म्हणून त्यावर भरत नाही. तेव्हा मुलांनो, जंगल वाचवायचं असेल तर भाषण करणाऱ्याला एकदा बादलीपाशी बसवा. तो लंगोट धुणार नाही, पण लंगोटाची मुळी गरजच नाही, हे संध्याकाळच्या आत सिद्ध करून दाखवील.