जांभळाखालच्या शाळेची प्रार्थना

एका जंगलात, बाळांनो, एक सरकारी शाळा होती. सरकारी म्हणजे कशी? वर जांभळाचं झाड, खाली दगड आणि दगडावर गुरुजी. बाकी सगळं मंजूर झालं होतं, फक्त यायचं होतं.

गुरुजी होते साळिंदर. त्यांना सगळे काटेगुरुजी म्हणत. पोरं एकतीस. ससे, बेडूक, घुबडं, मुंगसं, एक सापसुरळी आणि पहिलीतच मुक्काम ठोकलेलं एक रानडुक्कर. गुरुजी रोज सकाळी पोरं मोजत, रोज संध्याकाळी पुन्हा मोजत. सकाळी एकतीस, संध्याकाळी एकतीस. शिक्षण शिक्षण म्हणतात ते मुख्यतः हेच, असं त्यांना वाटे.

एके दिवशी वटवाघूळसाहेबांचा हुकूम आला. ‘यापुढे शाळा प्रार्थनेने सुरू करावी.’ कोणाची प्रार्थना, ते लिहिलेलं नव्हतं. साहेब उलटे लटकून सही करत, त्यामुळे हुकमाचा खालचा भाग नेहमी कोराच राही.

आता गुरुजी काही प्रार्थनेच्या विरुद्ध नव्हते. रोज बिळाच्या तोंडाशी उभे राहून ते स्वतः म्हणत, “देवा, पोटापुरते कंद दे, आणि चुकून कुणी माझ्यावर बसू नये एवढं बघ.” पण ते त्यांचं आणि देवाचं होतं. त्यात एकतीस पोरांना कशाला ओढायचं?

शाळा समितीची सभा भरली. अध्यक्ष होते गवाआबा. ते प्रत्येक प्रश्न आधी रवंथ करत आणि मग तो प्रश्न काय होता ते विचारत.

“प्रार्थना पावसाची हवी,” बेडूककाका म्हणाले. “पाऊस नाही तर काही नाही.”

“अंधाराची हवी,” घुबडअण्णा म्हणाले. “उजेडात कुणाचं भलं झालंय?”

“उन्हाची!” मागून सापसुरळीची आई ओरडली. “आमच्यात उन्हाशिवाय कुणी उठतच नाही.”

गुरुजी हळूच म्हणाले, “ज्याची त्याची प्रार्थना ज्याने त्याने घरी केली, तर शाळेत थोडे पाढे होतील.”

सगळ्यांनी गुरुजींकडे वळून पाहिलं. जणू ते काहीतरी घाण बोलले होते.

तेवढ्यात ससूबाई उठली. बिचारीचे कान थरथरत होते. “गुरुजी, माझी लुकी फार भित्री आहे हो. पान पडलं तरी दचकते. चार जणांत देवाचं नाव घेतलं तर तिला धीर येईल.”

गुरुजी खाली बसले. आईच्या काळजीला पाढ्यांत उत्तर नसतं.

मग उठले बिबटराव. ते समितीवर शिक्षणप्रेमी सदस्य होते. त्यांचं एकही पोर शाळेत नव्हतं, पण शाळेतल्या पोरांवर त्यांचा फार जीव होता. शाळा सुटायच्या वेळी ते वाटेवर बसून मायेने बघत राहत.

“मला कुठल्याच प्रार्थनेचा आग्रह नाही,” बिबटराव मऊ आवाजात म्हणाले. “पावसाची म्हणा, अंधाराची म्हणा. शब्दांत काय आहे? भाव हवा. आणि भाव कसा लागतो? मान खाली, हात जोडलेले आणि डोळे घट्ट मिटलेले. एवढं सांभाळलंत की झालं.”

“वा!” सगळे म्हणाले. अख्ख्या सभेत एक माणूस निःपक्ष निघाला, आणि तो बिबट्या! गवाआबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

शब्दांवर मात्र पुढे तीन दिवस भांडण चाललं. शेवटी सगळ्यांचं एकेक कडवं घेऊन प्रार्थना तयार झाली:

‘देवा पाऊस पाड रे, देवा ऊन पाड रे,
देवा दिवा विझव रे, देवा चिखल वाढव रे,
देवा चिखल आटव रे, सर्वांना सुखी ठेव रे.’

देवाने यातलं नेमकं काय करायचं, हे देवावर सोडण्यात आलं. डोळे मिटण्याचं कलम मात्र पहिल्याच दिवशी एकमताने मंजूर झालं होतं. त्यावर कुणी चर्चाच केली नाही.

सोमवारी प्रार्थना सुरू झाली. एकतीस पोरं ओळीत उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. गुरुजींनीही मिटले, पण जन्माची सवय! ‘चिखल वाढव’पाशी त्यांनी एक डोळा किंचित उघडला आणि पोरं मोजायला घेतली.

एकोणतिसाव्या पोरामागे बिबटराव उभे होते. लाळ गळत होती, पण मान भक्तिभावाने खाली होती.

“पळा!” गुरुजी ओरडले.

पोरं चहूकडे उधळली. बिबटरावांच्या पंजात फक्त सापसुरळीची शेपटी राहिली. ती बराच वेळ एकटीच वळवळत होती. सापसुरळी पुढच्या खडकावर जाऊन भोकाड पसरून रडत होती. शेपटी पुन्हा फुटते हा धडा पुढच्या वर्षीच्या पुस्तकात होता.

दुपारी तातडीची सभा झाली.

“आबा, बिबटराव प्रार्थनेत पोरं उचलायला आले होते,” गुरुजी म्हणाले. रागाने त्यांचे काटे खुळखुळत होते. “मी या डोळ्यांनी पाहिलं.”

“कधी पाहिलंत?” बिबटरावांनी शांतपणे विचारलं.

“प्रार्थना चालू असताना!”

“म्हणजे प्रार्थनेच्या वेळी तुमचे डोळे उघडे होते.”

सभेत एकच हलकल्लोळ झाला. “डोळे उघडे?” “पोरांसमोर?” “गुरुजीच असं वागले तर पोरांनी कुणाकडे बघायचं?”

“बघायचं नाहीच म्हणताय ना!” गुरुजी कळवळून म्हणाले. पण कोण ऐकतो?

“आणि ती शेपटी?” त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

“तिने ती भक्तीने अर्पण केली,” घुबडअण्णा म्हणाले. सापसुरळीच्या आईला हे पटलं नव्हतं, पण एवढ्या लोकांत मान मिळतोय म्हटल्यावर ती गप्प बसली.

गवाआबांनी बराच वेळ रवंथ केला. “प्रश्न काय होता?” त्यांनी विचारलं. मग गुरुजींना लेखी ताकीद देण्यात आली. पुन्हा डोळे उघडले तर नोकरी जाईल.

बिबटरावांनी मोठ्या मनाने गुरुजींना माफ केलं आणि दोन सूचना केल्या. एक, प्रार्थना तीनदा म्हणावी. दोन, लहानग्यांना मागच्या ओळीत उभं करावं, कारण मागे शांतता जास्त असते. दोन्ही सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाल्या.

गुरुजी घरी आले. वर्गात सगळ्यांत लहान कोण? लुकी. ते येरझाऱ्या घालत राहिले. नोकरी सोडावी? मग पोरं मोजणार कोण? डोळे उघडावे? मग नोकरी जाणार, म्हणजे तेच. शेवटी त्यांनी ती ताकीद पुन्हा वाचून काढली. तिच्यात डोळे, हात आणि मान या तीनच अवयवांबद्दल लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी समिती बघायला आली होती. बघायला म्हणजे, डोळे मिटून उभी राहायला. गुरुजींनी पोरांना ओळीत लावलं. लुकी सगळ्यांच्या मागे एकटी उभी होती.

“गुरुजी, मला भीती वाटते,” ती म्हणाली.

“मलाही वाटते गं,” गुरुजी म्हणाले. “तू तुझं कडवं म्हण.”

मग गुरुजी तिच्याही मागे जाऊन उभे राहिले. पाठ जंगलाकडे. हात जोडले, मान खाली घातली, डोळे घट्ट मिटले. नियमात कुठेही खोट नव्हती.

“देवा पाऊस पाड रे...”

पहिल्या वेळेला काही झालं नाही. दुसऱ्या वेळेला ‘चिखल आटव’पाशी मागे एक काटकी मोडली. गुरुजी घाबरले. साळिंदर घाबरलं की काटे आपोआप ताठ होतात, त्याला समितीची मंजुरी लागत नाही. आणि साळिंदर धावून जातं तेही उलटं, पाठीच्या दिशेने. डोळ्यांची गरजच नाही.

“देवा, चुकून कुणी माझ्यावर...” असं म्हणता म्हणता गुरुजी थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रार्थना बदलली. “देवा, आज बसू दे!” म्हणाले, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मागे धावले. बिबटराव दचकून वळले ते नेमके काट्यांवरच बसले.

“आई आई आई आई गंऽऽऽ!”

असा आवाज जंगलात कुणी ऐकला नव्हता. बिबटराव जे उठले ते काट्यांसकट नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात गेले. तिथे ते कितीतरी दिवस उभ्यानेच जेवत होते म्हणे.

इकडे सगळ्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“ऐकलंत?” बेडूककाका थरथरत म्हणाले. “ढग गरजला! देव पावला!”

“छे, अंधार बोलला,” घुबडअण्णा म्हणाले.

ससूबाई तर रडायलाच लागली. “माझी लुकी किती धिटाईने उभी आहे बघा! प्रार्थनेचा गुण!”

लुकी परत आलेल्या गुरुजींच्या पायाला चिकटून उभी होती. गुरुजींनी पोरं मोजली. एकतीस. त्यांना एवढंच हवं होतं. ते दगडावर जाऊन मटकन बसले.

लगेच तिथेच सभा भरली. प्रार्थनेला यश आल्यामुळे ती आता दिवसातून पाच वेळा घ्यावी असं ठरलं. पाढे बंद करावे असंही ठरलं. बिबटराव दिसत नव्हते, ते देवाच्या दर्शनाने विरक्त होऊन निघून गेले असावेत, म्हणून त्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. आणि काटेगुरुजींना दुसरी ताकीद मिळाली, कारण ते प्रार्थनेत स्थिर उभे राहिले नव्हते; त्यांच्या काट्यांचा खुळखुळाट सगळ्यांनी ऐकला होता.

तात्पर्य: मुलांनो, डोळे मिटले की संकट टळतं, यात शंका नाही. ते कसं टळतं हे बघायला डोळे उघडावे लागतात, आणि त्याला मनाई आहे.