सगळे रकाने आजोबांचे

दारातली टपालाची फट खटकन वाजली आणि घरातली शांतता मोडली. चिठ्ठी आत पडली. सकाळपासूनची तिसरी. या इमारतीत शेजारी दार ठोठावत नाहीत, चिठ्ठी टाकतात.

'प्रिय शेजारी, सौना अठरा कुटुंबांचा आहे. आपला, टॉवेल घेऊन ताटकळलेला.'

तळघरातल्या सामायिक वाफेच्या न्हाणीचं, सौनाचं, आपल्याला का सुनावलं, हे केर्टूला उलगडेना. ती तर स्वतःच्या युक्तीवर खूश होती! सहा वर्षांच्या लेकीला, विएनोला, तिने येणारे सगळे दिवस शिकवले होते: उद्या, उद्यापलीकडे, उद्यापलीकडच्यापलीकडे. आगगाडीला डबे जोडावेत तसे शब्द जोडत जायचे, म्हणजे वाट बघताना पोर रडत नाही. आजोबा इस्पितळातून कधी येणार, याला मात्र तिने डॉक्टरांचाच शब्द पुढे सरकवला होता. "जवळदिवसांत." म्हणजे येत्या काही दिवसांत, कधीतरी.

तेवढ्यात बेल वाजली. बेल म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर गेलेलं. दारात वरच्या मजल्यावरचे वेइयोकाका, काखेत सौनात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

"वडील बरे झाले वाटतं तुझे? आठवडाभर एकटेच घाम काढणार म्हणे. आम्ही काय तळ्यात अंग विसळायचं?"

केर्टू धावतच तळघरात गेली. सौनाच्या दारावरच्या तक्त्यातली सगळ्यांची नावं खोडलेली, आणि रविवारपर्यंतच्या प्रत्येक रकान्यात वेडंवाकडं, पेन्सिलीने दाबून लिहिलेलं: आजोबा.

"नक्की दिवस कुठे माहीत होता?" मागून आलेली विएनो म्हणाली. "म्हणून सगळेच धरून ठेवले. घरी आल्याआल्या सौना हवा म्हणाले होते ना ते."

केर्टूने हसू दाबलं आणि खोडरबर घेतला. सोमवार पुसला. मंगळवार पुसला. बुधवारावर हात असताना खिशातला फोन थरथरला. इस्पितळ. ती तीनदा "हो" म्हणाली, एकदा "आभारी आहे" म्हणाली, आणि मग तिथल्याच बाकावर बसली. वेइयोकाका जिन्यात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि वर निघून गेले.

संध्याकाळी फट पुन्हा वाजली.

'शनिवार त्यांचाच राहू दे. मी तापवून ठेवतो. वेइयो.'

केर्टूने विएनोला मांडीवर घेतलं. "आजोबा येणार नाहीत, राणी. उद्या नाही, उद्यापलीकडे नाही. कितीही डबे जोडले तरी नाही."

विएनोने बोटं मोजली. हात संपले.

"मग आई, ज्या दिवशी ते येतच नाहीत, त्या दिवसाला काय म्हणायचं?"