करणाऱ्याचं नाव

सायमनकाका कुणाच्याही घरी खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघतात. खुर्चीचे चारही पाय वर, काका गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा खुर्चीखाली पाल शिरली असं वाटून माझी बायको मीनल थेट स्टुलावर चढली.

"स्क्रू!" काका खालून ओरडले. "बाय, भुसा दाबून फळी केलीय आणि वर स्क्रू मारलाय. याला खुर्ची म्हणून विकतात? चक्क अन्याय हाय!"

त्या दिवशी ते उभ्यानेच जेवले. मटण मात्र दोनदा घेतलं.

काका वसईचे. तीस वर्षं मस्कतमध्ये सुतारकाम करतायत. आमच्या मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत आणि वरच्याच खोलीत एकटे राहतात. त्यांना राग येणार नाही अशी वस्तू ओमानमध्ये मला अजून सापडलेली नाही. आमच्या लिफ्टला लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलाय. त्याचा एक कोपरा सुटला होता, तर यांनी अख्खा पट्टा ओढून काढला आणि वॉचमनच्या हातात दिला. "लाकूड नाय तर नाय म्हणून सांगा. लाजायचं कशाला?"

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही रुस्ताकच्या बाजूला फिरायला गेलो आणि काकांनाही नेलं. परतताना एका खेड्यात मीनलला म्युझियमची पाटी दिसली. मातीच्या जुन्या घरात दोन खोल्या. गावातल्या मशिदीभोवती पूर्वी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या धार्मिक मंडळींची वस्ती होती. साधं राहायचं, एका पंगतीला जेवायचं, लागेल ती वस्तू स्वतः करायची. त्यांचं सामान एका निवृत्त मास्तरांनी जपून ठेवलं होतं. गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. त्यांनी आम्हाला खजूर आणि कहवा दिला आणि मोडक्या हिंदीत एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली.

काका एका काचेपुढे थांबले ते हलेचनात. आत रेहल होती, म्हणजे कुराण ठेवून वाचायची घडीची चौकट. एकाच फळीतून कोरलेली. मधोमध लाकडाचीच बोटं एकमेकांत अडकलेली, ना खिळा, ना बिजागरी. काका वाकून, बसून, शेवटी गाल जमिनीला टेकवून बघू लागले.

"संदीप," त्यांनी मला हाक मारली, "खाली काय लिहिलंय ते वाच."

इंग्रजीतही लिहिलं होतं, म्हणून मी वाचलं. ही कोणत्या विद्वानाची, त्यांचे वडील कोण, आजोबा कोण, कुठल्या कुटुंबाने भेट दिली. शेवटच्या ओळीत काच कुणी बसवून दिली त्याचं नाव.

"आणि केली कोणी?"

"ते नाहीये."

झालं! काका उठले. चेहरा लालबुंद.

"उस्ताद! ये किसने बनाया? नाम किधर है?"

"मालूम नहीं, सदीक," उस्ताद शांतपणे म्हणाले. सदीक म्हणजे मित्र.

"वाचणाऱ्याचं नाव हाय, त्याच्या आजोबाचं हाय. काचवाल्याचं नाव हाय! काचवाल्याचं!" रागाच्या भरात काका मराठीवर आले होते. "अरे, ज्याने चार महिने डोळे फोडले तो कुठे गेला? फळी काय आपोआप कापली गेली? चक्क अन्याय!"

मीनल त्यांचा शर्ट ओढत होती. मी उस्तादांची माफी मागत होतो. पण उस्तादांना शब्द कळले नाहीत, तरी प्रश्न कळला असावा.

"वो लोग नाम नहीं लिखता था," ते म्हणाले. "काम अल्लाह के वास्ते. नाम लिखना, घमंड."

"उसने नहीं लिखा, अच्छा आदमी," काका म्हणाले. "तुम क्यों नहीं लिखा?"

उस्तादांनी एकदा त्या काचेकडे पाहिलं. मग टेबलाच्या खणातून पेन काढलं, चष्मा लावला आणि काचेखालच्या माहितीच्या कार्डावर सगळ्यात वर, विद्वानाच्याही वर, अरबीत एक ओळ लिहिली.

"क्या लिखा?" काकांचा आवाज अजून चढलेलाच.

"इसको एक आदमी ने बनाया. उसका नाम हमको मालूम नहीं. माफ करना."

काकांनी मान हलवली. उस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

वीसेक किलोमीटर झाले तरी काकांनी एखाद्या पेट्रोल पंपालाही नावं ठेवली नाहीत, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

"काका, बरं वाटतंय ना?"

"आमची फिलोमिना गेली तेव्हा विमानं बंद होती," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

काकू करोनाच्या काळात गेल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. काका त्याबद्दल कधी बोललेले नव्हते.

"मी हितून भावाला फोन केला. म्हटलं, मला येता नाय येत, पण तिला पुरायच्या पेटीचा फोटो पाठव. आत कापड लावायच्या आधीचा पाठव. त्याने पाठवला. सुट्टीवर गेलो तेव्हा पहिलं तेच विचारलं, पेटी केली कोणी? धावपळीत कुठूनशी आणलेली, कुणाला आठवत नाय. मी चार गावं फिरलो, सगळ्या सुतारांना विचारलं. नाय सापडला माणूस. मला त्याचा हात धरायचा होता."

मागच्या सीटवर मीनल रडत होती.

"आतून रंधा मारलेला, संदीप," काका म्हणाले. "कापडाखाली झाकलं जाणार. कोण बघणार हाय? तरी गुळगुळीत केलेलं, सगळ्या बाजूंनी."