चवथ्या वळणावरचा समुद्र

धोंडूकाकांच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी जीप चालायची. चार पाट मांडलेले. पुढच्या डाव्या पाटावर मी, शेजारच्या घरातला. माझ्यामागे काकी, तिच्या उजवीकडे काका. ड्रायव्हरचा पाट रिकामा. काका वळणं पुकारायचे आणि आम्ही झुकायचं.

"तिसरं वळण. उतार. थांबा, ब्रेक तपासा."

"भात करपतोय," काकी म्हणायची.

"करपू दे. घाटात भात नसतो."

काका कर्जतला बँकर चालवायचे. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन. लोणावळ्यापर्यंत ढकलायचं, सुटायचं, परत यायचं. तीस वर्षं डोळ्यांसमोर शेवटच्या डब्याची पाठ. म्हणून त्यांचं एकच म्हणणं, "पुढं काय हाय ते आदी ठावं पायजे." लग्नाला गेले तरी पंगतीत काय काय येणार ते आचाऱ्याला विचारून यायचे. चूक तर खपायचीच नाही. घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे असं मी म्हटलं, तर भर चौकात "अकरा" म्हणून सुधारायचे.

श्रीवर्धनहून दिवेआगरला कड्याच्या कडेनं जाणारा एक रस्ता आहे, खाली नुसता समुद्र. काकीला तो बघायचा होता. खालापुरात जन्मली, पळसदरीला नांदली, समुद्र कधी पाहिला नव्हता. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे, नजर फार दिवस टिकायची नाही. मग काका तीनदा एकटे एसटीनं गेले, चालत वळणं मोजून आले. समुद्र चवथ्या वळणावर दिसतो, डाव्या अंगाला. म्हणून काकीचा पाट डावा.

"अवो, पण नेता कवा?"

"पक्कं झालं की."

एकदाचं पक्कं झालं. रजा मिळाली, जीप ठरली, आणि त्याच आठवड्यात रेल्वेचा संप पुकारला गेला. मी तेव्हा संपाची पत्रकं लिहायचो, वाटायचो, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं मानायचो. काकांना म्हणालो, "कामगार रस्त्यावर उभा असताना तुम्ही समुद्र बघायला जाणार?"

काका मग म्हणाले, "नाय जात."

संप मोडला. काका निलंबित झाले, परत कामावर घेईपर्यंत वर्ष उलटलं. संप न्याय्य होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या वर्षात काकीची नजर पार गेली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. काका फक्त म्हणाले, "जीप सांगितलीय. तू बी चल रं, तुजी जागा हाय."

निघालो, तर श्रीवर्धनच्या वाटेवर ओढ्याची मोरी खचलेली. ड्रायव्हरनं दिवेआगरकडून, उलट्या टोकानं जीप घातली. समुद्र आला तो उजवीकडे, काकांच्या अंगाला. काकी ठरल्याप्रमाणे डावीकडे तोंड करून बसलेली. तिच्यासमोर तांबडी दरड, हात लांबवला तर लागेल एवढी जवळ. ती ओठांतल्या ओठांत वळणं मोजत होती.

"चवथं," ती म्हणाली. "दिसला वो. केवढा हाय."

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, समुद्र तर..."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"निळा हाय ना?" काकांनी तिला विचारलं.

"निळा हाय." दरडीची धूळ तिच्या चेहऱ्यावर आली होती, ती तिनं पदरानं पुसली. "तुला दिसला का रं?" तिनं मला विचारलं.

मी मागे वळलो. काका माझ्याकडे बघत होते. त्या माणसानं माझ्याकडे तोवर काही मागितलं नव्हतं.

"दिसला, काकी," मी म्हणालो.

उजवीकडे समुद्र बराच वेळ आमच्या सोबत होता. काकांनी एकदाही मान वळवून तो पाहिला नाही. ते काकीबरोबर दरडीकडे बघत बसले होते.